दंडसंहितेचे साठावे कलम

१

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि १८६० सालची भारतीय दंडसंहिता मागे पडली. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या अभ्यासवर्गात या विषयावर चर्चा ठेवली होती. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, परकीयांनी लादलेली संहिता गेली. स्वतंत्र देशाने स्वतःची संहिता केली. आता तरी न्यायाच्या बाबतीत आपण स्वतंत्र झालो, असे म्हणायला काय हरकत आहे?" मागे आमचे एक जुने कार्यकर्ते बसले होते. अत्याचारग्रस्त कुटुंबांबरोबर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "पोरा, संहिता कुणाचीही असू दे. फिर्याद लिहून घेणारा हात बदलला का, तेवढे सांग."

दोघांच्याही बोलण्यावर टाळ्या पडल्या. समारोप मला करायचा होता आणि मी तो कसाबसा केला. परंतु घरी आल्यावर ही दोन्ही विधाने मला छळू लागली. पहिल्या विधानात संहितेवर भाबडा विश्वास आहे, दुसऱ्यात तिच्याविषयी पूर्ण उदासीनता आहे. पहिला विश्वास आपल्याला परवडणारा नाही, हे सांगायला नकोच. पण दुसरी उदासीनता तरी आपल्याला परवडणारी आहे काय? या प्रश्नाचा मागोवा घेताना मी स्वतंत्र झालेल्या एका दूरच्या देशाच्या पहिल्या दंडसंहितेपाशी येऊन पोचलो. तो देश ब्राझील आणि ती संहिता १८३० सालची.

ब्राझीलच का, असे कोणी विचारील. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य व स्वार्थत्याग दाखवला होता. ही अर्पणपत्रिका आपण सभासंमेलनांत अभिमानाने सांगतो. मात्र जोतीराव ती लिहीत होते त्या वर्षी त्याच अमेरिका खंडाच्या दक्षिण भागात, ब्राझीलमध्ये, गुलामगिरी कायदेशीर होती आणि पुढे आणखी १५ वर्षे ती तशीच राहणार होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांपैकी पंचेचाळीस लाखांहून अधिक माणसे एकट्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. संयुक्त संस्थानांच्या वाट्याला आली त्याच्या कितीतरी पटींनी ही संख्या मोठी आहे. आपल्या वाचनात ही दुनिया फारशी आलेली नाही.

आणखी एक. आपल्या भाषेत 'संहिता' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. नाटकाची, काव्याची संहिता असते, तशी कायद्याचीही संहिता असते. पहिल्या संहितेची समीक्षा करण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. दुसरीची समीक्षा वकिलांवर सोडून दिली जाते. मला हे मान्य नाही. दंडसंहिता ही समाजाने माणसाविषयी लिहिलेली गोष्ट असते. तिच्यात माणूस कोण आणि माणूस कोण नाही, हे ठरवलेले असते. तेव्हा साहित्यकृतीला आपण जे प्रश्न विचारतो तेच दंडसंहितेलाही विचारले पाहिजेत: ही कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, आणि हिच्यात मी कुठे आहे?

२

ब्राझील ७ सप्टेंबर १८२२ रोजी पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. हे स्वातंत्र्य जाहीर केले ते पोर्तुगालच्या राजपुत्राने, आणि तोच पहिला पेद्रो या नावाने सम्राट झाला. उसाच्या मळ्यांचे, खाणींचे, आणि पुढे कॉफीच्या मळ्यांचे मालक स्वतंत्र झाले. मळ्यात राबणारा माणूस होता तिथेच राहिला. मालक बदलल्याशिवायही देश स्वतंत्र होऊ शकतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी त्या देशात जो फौजदारी कायदा चालू होता, तो १६०३ सालच्या 'फिलिपी वचनां'च्या पाचव्या खंडातला. पोर्तुगीज साम्राज्यात सर्वत्र, म्हणजे आपल्या गोव्यातही, हीच वचने चालत. या पाचव्या खंडात एकाच अपराधाला माणसाच्या दर्जाप्रमाणे निरनिराळी शिक्षा होती. सरदार-उमराव असेल तर त्याला दंड किंवा हद्दपारी. सामान्य पायदळी माणूस असेल तर गळ्यात दोर अडकवून, दवंडी पिटून, भर रस्त्यात फटके. मनुस्मृती वाचलेल्या कोणालाही हा न्याय अपरिचित वाटणार नाही. अपराध एकच, पण अपराधी कोणत्या पायरीवर उभा आहे ते पाहून दंड द्यायचा, ही त्या व्यवस्थेची रीत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जे पुस्तक जाळले गेले, त्यात जन्मावरून दंड ठरवणारी हीच शिडी होती.

नव्या देशाला ही शिडी नको होती. १८२४ च्या राज्यघटनेच्या १७९ व्या कलमात नागरिकांचे हक्क सांगितले आहेत. कायदा रक्षण करो की शिक्षा करो, तो सर्वांना सारखा राहील, असे त्यात आहे. फटके मारणे, यातना देणे, तापलेल्या लोखंडाने डागणे व इतर सर्व क्रूर शिक्षा या क्षणापासून रद्द करण्यात येत आहेत, असेही त्यात आहे. न्याय आणि समता यांच्या भक्कम पायावर दिवाणी व फौजदारी संहिता शक्य तितक्या लवकर तयार करावी, असा आदेश आहे. या घटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही आलेला नाही. ज्या देशाचे सारे अर्थकारण गुलामांच्या पाठीवर उभे होते, त्या देशाच्या घटनेत गुलाम दिसत नाही. हा शब्द लिहायला हात धजला नाही, असे कोणी म्हणेल. मला वाटते, तो लिहिण्याची गरजच पडली नाही. 'नागरिक' हा शब्द लिहिला की उरलेला माणूस आपोआप बाहेर पडतो.

३

सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १८३० रोजी, फौजदारी संहिता जाहीर झाली. कोइम्ब्रा विद्यापीठात शिकलेल्या बर्नार्दो पेरेरा दि व्हास्कोन्सेलोस या प्रतिनिधीचा मसुदा तिच्या मुळाशी होता. युरोपातील नव्या दंडविचाराचा, विशेषतः बेंथॅमच्या विचाराचा, तिच्यावर ठसा आहे. आपल्याकडे मेकॉलेने भारतीय दंडसंहितेचा मसुदा पुरा केला तो १८३७ साली, आणि त्याची संहिता व्हायला १८६० साल उजाडले. म्हणजे ब्राझीलची संहिता आपल्यापेक्षा तीस वर्षे जुनी आहे.

ही संहिता चांगली होती, हे प्रथम प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. अगोदर केलेल्या कायद्याने जो अपराध ठरवलेला नाही तो अपराधच नव्हे, हे तिचे पहिलेच कलम. चौदा वर्षांखालील मूल सामान्यतः गुन्हेगार मानू नये, असे ती म्हणते. गरोदर स्त्रीला फाशी देऊ नये, प्रसूतीनंतर चाळीस दिवस जाऊ द्यावेत, असे ती म्हणते. प्रत्येक अपराधाला कमाल, मध्यम आणि किमान अशी शिक्षेची मापे तिने ठरवली, म्हणजे न्यायाधीशाच्या लहरीला लगाम बसावा. दंडाची रक्कम आरोपीची एका दिवसाची कमाई किती हे पाहून मोजावी, ही कल्पना तिच्यात आहे. श्रीमंताला शंभर रुपये म्हणजे काहीच नव्हे आणि मजुराला तेच शंभर रुपये म्हणजे महिन्याची उपासमार, हे सत्य या संहितेने १८३० साली ओळखले होते. पुढे स्पेनच्या १८४८ च्या दंडसंहितेवरही तिचा प्रभाव पडला. नवस्वतंत्र, मागासलेला म्हणून हिणवला गेलेला देश युरोपला धडा देतो, हे वाचताना मला आनंदच झाला.

आणि मग साठावे कलम येते.

आरोपी गुलाम असेल, आणि त्याला मृत्यूची किंवा पायात बेडी-साखळी घालून सार्वजनिक कामावर जुंपण्याची शिक्षा होणार नसेल, तर त्याला फटक्यांची शिक्षा द्यावी. फटके खाऊन झाल्यावर त्याला त्याच्या मालकाच्या स्वाधीन करावे. न्यायाधीश सांगेल तितका काळ आणि सांगेल त्या रीतीने मालकाने त्याच्या अंगावर लोखंड बाळगायला लावावे. फटक्यांची संख्या निकालात नमूद करावी. मात्र गुलामाला एका दिवसात पन्नासांपेक्षा अधिक फटके देता येणार नाहीत.

घटनेने सहा वर्षांपूर्वी रद्द केलेले फटके संहितेने परत आणले, आणि तेही सुधारणेच्या भाषेत. 'पन्नासांपेक्षा अधिक नाही' ही या कलमातली दया आहे. तीनशे फटक्यांची शिक्षा झाली तर ती सहा दिवसांत वाटून द्यायची, एवढाच या दयेचा अर्थ. ज्या संहितेने स्वतंत्र माणसाचा दंड त्याच्या दिवसाच्या कमाईने मोजला, तिनेच गुलामाचे फटके दिवसाच्या हिशेबाने मोजले. दोन्ही कलमांत तीच अचूकता आहे, तोच हिशेबीपणा आहे. म्हणून साठावे कलम हा जुन्या रानटीपणाचा चुकून राहिलेला अवशेष आहे, हे मला पटत नाही. ते आधुनिक मनानेच लिहिलेले आहे.

गुलामाला तुरुंगात का पाठवायचे नाही, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. उत्तर सरळ आहे. गुलाम वर्षभर तुरुंगात राहिला तर मालकाची वर्षभराची मजुरी बुडते. फटके मारले की काही दिवसांत तो मळ्यात परत कामाला लागतो. म्हणजे शिक्षा गुलामाला, पण ती आखताना डोळ्यांसमोर मालकाचा तोटा. जुन्या वचनांनी माणसांची शिडी केली होती. नव्या संहितेने वरच्या पायऱ्या मोडून सारे स्वतंत्र लोक एका पातळीवर आणले आणि त्या पातळीखाली एक तळघर राखून ठेवले. आधुनिकता वरच्या मजल्यावर नांदत होती.

४

साठावे कलम एकटे नाही. संहिता पुढे-मागे चाळली की त्याचे भाईबंद सापडतात. चौदाव्या कलमात कोणती कृत्ये अपराध असूनही समर्थनीय समजावीत याची यादी आहे. तीत बापाने मुलाला, गुरूने शिष्याला आणि मालकाने गुलामाला केलेली 'माफक' शिक्षा एका ओळीत बसवलेली आहे. मालकाला बापाच्या आणि गुरूच्या पंगतीला बसवण्याची ही युक्ती आपल्याला नवी नाही. मायबाप म्हणवून घेत आपल्या पाठीवर कोरडे ओढणारे पाटील-सावकार आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिले आहेत.

एकशे तेराव्या कलमात 'बंड' म्हणजे काय ते सांगितले आहे. वीस किंवा अधिक गुलाम बळाने स्वातंत्र्य मिळवण्यासाठी एकत्र जमले की हा अपराध घडला. पुढाऱ्यांना कमाल शिक्षा मृत्यू, बाकीच्यांना फटके. हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. ज्या देशाने आठ वर्षांपूर्वी बळाने स्वातंत्र्य मिळवले होते आणि त्याचा उत्सव चालवला होता, त्याच देशाच्या संहितेत 'स्वातंत्र्य' हा शब्द अपराधाच्या व्याख्येत आला आहे. एकाच्या बाबतीत जो पराक्रम, तोच दुसऱ्याच्या बाबतीत देहान्ताचा गुन्हा.

२९ नोव्हेंबर १८३२ ला फौजदारी कार्यपद्धतीची संहिता आली. तिने गुलामाने मालकाविरुद्ध दिलेली खबर स्वीकारू नये असे ठरवले. गुलाम साक्षीदार होऊ शकत नाही, असेही ठरवले. आता हे सारे एकत्र ठेवून पाहा. दिवाणी व्यवहारात गुलाम ही वस्तू. ती विकता येते, गहाण टाकता येते, वारसाहक्काने मुलाला देता येते. घटनेने मागितलेली दिवाणी संहिता ब्राझीलला मिळाली ती थेट १९१६ साली. वस्तूविषयीचा हा घोळ मिटवण्याची कोणालाही घाई नव्हती. परंतु गुन्हा करताना तो वस्तू नाही; तेव्हा तो पूर्ण माणूस, सज्ञान, जबाबदार, फाशीला पात्र. आणि त्याच्यावर अन्याय झाला की तो पुन्हा मुका. त्याचे माणूसपण कायद्याने मान्य केले ते फक्त शिक्षेपुरते. गुलामाला संहितेत प्रवेश होता, पण तो केवळ आरोपीच्या पिंजऱ्यातून.

१३ मे १८३३ रोजी मिनास जेराइस प्रांतात कारांकास येथे गुलामांनी उठाव करून मालक कुटुंबातील माणसे मारली. त्यानंतर नवा कठोर कायदा करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. २४ जानेवारी १८३५ च्या रात्री बाईया प्रांतातील सल्वादोर शहरात मुस्लिम आफ्रिकी गुलामांनी उठाव केला. इतिहासात तो 'माले' उठाव म्हणून ओळखला जातो. १० जून १८३५ ला कायदा झाला. मालकाला, त्याच्या कुटुंबीयांना, मुकादमाला वा मुकादमाच्या बायकोला ठार मारणाऱ्या किंवा गंभीर दुखापत करणाऱ्या गुलामाला मृत्युदंड. ज्यूरीतील दोन तृतीयांश मते पुरेत. संहितेतली कमाल, मध्यम, किमान ही मापे स्वतंत्र माणसासाठी राहिली. मालकावर हात उचलणाऱ्यासाठी एकच माप उरले. ब्राझीलमध्ये फौजदारी न्यायालयाच्या निकालाने फाशी गेलेला शेवटचा माणूस फ्रान्सिस्को नावाचा एक गुलाम होता. २८ एप्रिल १८७६ ला अलागोआस प्रांतात पिलार येथे त्याला फाशी दिले.

५

येथपर्यंत आल्यावर आमच्या जुन्या कार्यकर्त्याचे म्हणणेच खरे ठरते असे वाटेल. संहिता कुणाचीही असो, आपल्यासाठी ती फटक्यांचीच. परंतु याच संहितेचे आणखी एक वाचन झाले आहे आणि ते एका गुलामाने केलेले आहे.

लुईस गामा सल्वादोर येथे २१ जून १८३० रोजी जन्मला. म्हणजे ही संहिता आणि तो एकाच वर्षाचे. जोतीरावांपेक्षा तीन वर्षांनी लहान. त्याची आई लुईझा माहीं ही स्वतंत्र झालेली आफ्रिकी स्त्री होती. त्यामुळे तो जन्माने स्वतंत्र. बाप गोरा. १८४० साली, मूल दहा वर्षांचे असताना, या बापाने त्याला गुलाम म्हणून विकले. पुढे स्वतःची हकीकत लिहिताना गामाने बापाचे नाव सांगितले नाही. साओ पाउलोत मालकाच्या घरी राबत असताना, सतराव्या वर्षी, तेथे उतरलेल्या एका विद्यार्थ्याकडून तो अक्षरे शिकला. पुढच्याच वर्षी आपण स्वतंत्र असल्याचा पुरावा मिळवून तो तेथून निघाला. शिपाई झाला, कारकून झाला, पत्रकार झाला. १८५९ साली त्याचा उपहासात्मक कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. साओ पाउलोच्या कायदा विद्यालयाने त्याला विद्यार्थी म्हणून सामावून घेतले नाही. त्याने कायदा स्वतःच वाचला आणि पदवीशिवाय वकिली करण्याचा परवाना मिळवला.

या माणसाला त्या संहितेत साठावे कलम दिसले नसेल काय? त्याच्या भाऊबंदांच्या पाठीवरच ते लिहिलेले होते. पण त्याने आणखी एक कलम शोधून काढले. संहितेचे एकशे एकोणऐंशीवे कलम असे होते: स्वातंत्र्याचा उपभोग घेणाऱ्या स्वतंत्र माणसाला जो कोणी गुलाम करील त्याला तीन ते नऊ वर्षे तुरुंगवास आणि वर दंड. आणि ७ नोव्हेंबर १८३१ चा एक कायदा होता. परदेशातून ब्राझीलमध्ये आणलेला प्रत्येक गुलाम स्वतंत्र समजावा आणि आणणाऱ्याला संहितेच्या याच एकशे एकोणऐंशीव्या कलमाखाली शिक्षा व्हावी, असे तो सांगत होता. हा कायदा इंग्लंडच्या दडपणाखाली झाला होता, आणि तो पाळण्याचा कोणाचाही विचार नव्हता. 'इंग्रजांना दाखवण्यापुरते' हा ब्राझीलमधला वाक्प्रचार या कायद्याशी जोडला जातो. तो झाल्यानंतरही सुमारे सात लाख माणसे आफ्रिकेतून आणून विकली गेली. सरकारला ठाऊक होते, न्यायाधीशांना ठाऊक होते.

गामाने हा दाखवण्यापुरता कायदा खरा मानला. समोरचा माणूस १८३१ नंतर आणलेला आहे एवढे सिद्ध झाले की तो गुलाम नाही. आणि त्याला गुलाम म्हणून बाळगणारा प्रतिष्ठित गृहस्थ संहितेप्रमाणे गुन्हेगार आहे. एका फटक्यात आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस बदलला. या मार्गाने आणि इतर कायदेशीर मार्गांनी त्याने पाचशेहून अधिक माणसे सोडवली असे मानले जाते. फी न घेता. धमक्या आल्या, सरकारी नोकरी गेली. २४ ऑगस्ट १८८२ रोजी तो वारला; गुलामगिरी संपलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. ब्राझीलच्या वकील संघटनेने त्याला वकील म्हणून मान्यता दिली ती २०१५ साली, मृत्यूनंतर १३३ वर्षांनी.

गामाचे हे काम मी समीक्षेचे काम मानतो. लिहिणाऱ्यांनी जे खरे करण्याच्या हेतूने लिहिलेच नव्हते, ते त्याने खरे म्हणून वाचले. लिहिणाऱ्याचा हेतू हाच संहितेचा अखेरचा अर्थ नसतो, हे आपण साहित्यात मानतो. कायद्यात ते सिद्ध करायला आयुष्य खर्ची घालावे लागते, एवढाच फरक.

६

१८८६ साली पारायबा दो सुल येथे काही गुलामांना प्रत्येकी तीनशे फटक्यांची शिक्षा झाली. त्यातले दोघे मरण पावले. जोआकीं नाबुको आदी गुलामगिरीविरोधकांनी हे प्रकरण देशापुढे मांडले आणि १५ ऑक्टोबर १८८६ च्या कायद्याने साठावे कलम रद्द झाले. छप्पन वर्षे ते जगले. फटक्यांचा धाक गेल्यावर मळे सोडून जाणाऱ्या गुलामांना थोपवणे मालकांना जड झाले. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरीच रद्द झाली. कारांकासच्या उठावाला त्या दिवशी बरोबर ५५ वर्षे झाली होती.

गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. पुढच्या वर्षी ब्राझील प्रजासत्ताक झाला आणि ११ ऑक्टोबर १८९० ला नवी दंडसंहिता आली. प्रजासत्ताकाची घटना अजून व्हायची होती. दंडसंहितेची मात्र घाई झाली होती. या संहितेत गुलाम नाही, काळा नाही, आफ्रिकी नाही. सर्व माणसे सारखी. परंतु उद्योगधंद्याशिवाय भटकणे हा अपराध आहे. रस्त्यात, चौकात अंगचापल्याचे खेळ करणे, ज्याला कपोएरा म्हणतात, तो अपराध आहे, आणि त्याला दोन ते सहा महिने कोठडी आहे. जादूटोणा व तत्सम विधी करणे हा अपराध आहे, आणि या कलमाचा आधार घेऊन कांदोम्ब्लेच्या पूजास्थानांवर पोलीस धाडी घालत. कपोएरा कोणाची विद्या? आफ्रिकी गुलामांची. दोन वर्षांपूर्वी मुक्त झालेला, जमीन नसलेला, काम नाकारला गेलेला माणूस भटकणार नाही तर काय करणार? साठाव्या कलमातला 'गुलाम' हा शब्द गेला. ते कलम मात्र साध्या, निष्पाप दिसणाऱ्या शब्दांत जाऊन राहिले.

७

आता आपल्याकडे वळू. १८६० ची भारतीय दंडसंहिता या बाबतीत ब्राझीलच्या संहितेहून उजवी होती, हे मान्य करायला मला संकोच नाही. मालकाने गुलामावर केले म्हणून कोणतेही अपराधी कृत्य माफ होऊ नये, अशी भूमिका मेकॉलेच्या मसुद्यातच घेतली होती. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. दंडसंहितेत ब्राह्मणाला एक आणि महाराला दुसरी शिक्षा नव्हती. तिच्यात साठावे कलम नव्हते. कारण ते लिहिण्याची गरजच नव्हती. ते गावात होते. पाणवठ्यावर होते, चावडीवर होते, देवळाच्या पायरीवर होते. अस्पृश्यता पाळणे हा देशभर लागू असलेल्या कायद्याने गुन्हा ठरला तो १९५५ साली. तोपर्यंतची ९५ वर्षे ही समतावादी संहिता त्याकडे पाहत उभी होती.

आणि जे गावात मावत नव्हते ते संहितेच्या बाहेर निराळ्या कायद्यात लिहिले गेले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा जन्मालाच अपराध ठरवत होता. १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यातही पोचला. सोलापूरच्या सेटलमेंटच्या कुंपणाआड वाढलेल्या पिढ्या आपल्यातच आहेत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, माणसे 'विमुक्त' झाली. आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. त्यात कोणत्याही जमातीचे नाव नाही. ब्राझीलच्या १८९० च्या संहितेतही कोणाचे नाव नव्हते.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मला सांगायचे आहे: संहिता स्वतंत्र देशाने केली एवढ्यावर ती स्वातंत्र्याची होत नाही. व्हास्कोन्सेलोसची संहिता स्वतंत्र देशानेच केली होती. संहिता वाचायची ती पहिल्या कलमापासून नव्हे, तर तिच्यात सर्वांत खाली जो उभा आहे त्याच्या जागेवरून. तिच्यातले साठावे कलम शोध. ते नावाने लिहिलेले नसेल, तर साध्या शब्दांत शोध. शब्दांतही नसेल, तर तिच्या मौनात शोध.

'कायदा सर्वांना सारखा असताना अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळा अत्याचार प्रतिबंधक कायदा कशाला?' असे विचारणारे सभ्य लोक आपल्याला रोज भेटतात. त्यांच्या तोंडी असलेले वाक्य १८२४ च्या ब्राझीलच्या घटनेतही होते, आणि ते लिहिलेले असतानाच फटके चालू होते. साठावे कलम माणसाला खाली दाबण्यासाठी त्याचे नाव घेत होते. १९८९ चा आपला कायदा दाबलेल्या माणसाच्या रक्षणासाठी त्याचे नाव घेतो. दोन्ही 'अपवाद' आहेत म्हणून सारखेच, असे म्हणणे म्हणजे जखम आणि पट्टी यांत फरक न करणे होय.

आणि त्या जुन्या कार्यकर्त्यांना मला आदराने सांगायचे आहे: दादा, फिर्याद लिहून घेणारा हात बदललेला नाही, हे खरे. पण तुम्ही त्या पायऱ्या झिजवता ते कशाच्या बळावर? तुमच्या पिशवीत त्या कायद्याची प्रत असते, हे मी पाहिलेले आहे. ठाणेदाराला कलमाचा आकडा तुम्हीच सांगता. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा कायदा सैल झाला तेव्हा २ एप्रिलला देशभर जी माणसे रस्त्यावर आली, त्यांना कायद्याविषयी उदासीनता नव्हती. काहींनी त्यासाठी प्राण दिले. त्याच वर्षी संसदेला दुरुस्ती करून तो कायदा पूर्ववत करावा लागला. दाखवण्यापुरते लिहिलेले खरे मानण्याचा हट्ट धरणे, हीच तुमची सारी चळवळ आहे. लुईस गामाने तेच केले.

पुढच्या अभ्यासवर्गाचा विषय मी ठरवला आहे. नव्या संहितेची प्रत प्रत्येकाने आणायची आणि आपल्या वस्तीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या जागेवरून ती वाचायची. विद्यार्थ्याने कलमे वाचावीत आणि त्या जुन्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक कलमाखाली ठाण्यात काय घडते ते सांगावे. दोघांनी एकमेकांशेजारी बसले पाहिजे. समारोप करण्याची घाई या वेळी मी करणार नाही.